उशिराचा हिशेब

शेजाऱ्याची चौकशी करायला परवाना खात्याच्या बाई आल्या, तेव्हा मी चकल्यांचा दुसरा घाणा काढत होतो. न्यूझीलंडमध्ये बंदुकीचा परवाना हवा असेल तर दोन माणसांना तुमच्याविषयी विचारलं जातं, एक घरचं आणि एक बाहेरचं. घरची त्याची बायको, बाहेरचा मी. बाईंनी वही उघडली. स्वभाव कसा आहे? लवकर चिडतात का? पितात का? घरातून भांडणाचे आवाज येतात का? मी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही, पण हे प्रश्न मात्र माझ्या चांगल्या ओळखीचे निघाले. गावी कुणी स्थळाची चौकशी करायला आलं की आई ओटीवर बसून हीच उत्तरं द्यायची. मुलगा निर्व्यसनी, माणसं शांत, कुणाच्या अध्यात नाहीत. आणि जे पोटात ठेवायचं ते पोटात. मीही तसंच केलं. गवत कापायचं यंत्र तीनदा ओढूनही सुरू झालं नाही की आमचा शेजारी त्याच्याशी ज्या भाषेत बोलतो, ती मी बाईंना ऐकवली नाही.

या शेजाऱ्याला माझ्या बायकोने पहिल्याच दिवाळीत ‘भाऊजी’ करून टाकलं. त्याला ती पदवी वाटते. वेलिंग्टनच्या करोरी उपनगरात कुंपणापलीकडून ‘भाऊजी’ अशी हाक गेली की एक सहा फुटी गोरा माणूस आनंदाने ‘येस?’ म्हणतो.

परवाना पुन्हा मिळाला आणि भाऊजी कामाला लागला. त्याच्याकडे सशांपुरती जुनी .२२ होती, शिवाय बोकडांसाठी .२२३ रेमिंग्टनची रायफल. आता त्याला .२२-२५० हवी होती. कारण एकच, ती जास्त वेगवान आहे. गृहकर्जाच्या व्याजात पाव टक्क्यासाठी मी बँकेशी चार महिने भांडलो होतो, तेव्हापासून आकड्यांच्या बाबतीत त्याचा माझ्यावर फार विश्वास. रोज संध्याकाळी तो तक्ते घेऊन येऊ लागला, आणि प्रत्येक तक्त्यावर एका कोल्ह्यासारख्या जनावराचं चित्र.

हा कायोटी. कोल्ह्याचा थोराड अमेरिकन चुलतभाऊ. न्यूझीलंडमध्ये तो नाही. इथे कोल्हा नाही, लांडगा नाही, साप नाही. जमिनीवरचा या देशाचा मूळचा सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघूळ, आणि तेही उडतं. पण ही काडतुसं अमेरिकेत जन्मली आणि तिथे त्यांची परीक्षा कायोटीवर घेतात. उघड्या माळावर दोनशे-तीनशे मीटरवर तो येतो, थबकतो, वळून बघतो आणि जातो. तेवढ्यात अंतराचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकला तर गोळी पोटाखालून निघून जाते. गोळी जितकी वेगवान, तितका तिचा मार्ग सपाट, आणि तितकी चुकीच्या अंदाजाला माफी जास्त. वेगाचं सगळं आकर्षण या माफीत आहे, असं मला वाटतं. मारणाऱ्याला वेग नको असतो, आपली चूक कुणीतरी पोटात घालावी एवढंच हवं असतं.

‘पण आपल्याकडे कायोटी कुठे आहे?’ मी विचारलं.

‘ससा आहे ना,’ भाऊजी म्हणाला.

सशाच्या शिकारीला जाताना वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, ही म्हण मी त्याला भाषांतर करून सांगितली. मला टोमणा मारायचा होता. त्याने ती वहीत लिहून घेतली.

या तक्त्यांत मी रमेन असं वाटलं नव्हतं, पण एक गोष्ट सापडली आणि मी अडकलो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपला तोळासुद्धा कंपनी सरकारने १८३३ साली बरोबर १८० ग्रेनचा ठरवला होता. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. म्हणजे भाऊजीच्या ५५ ग्रेनच्या गोळीचं वजन साधारण साडेतीन मासे आणि वर एक गुंज. आमच्या गावच्या सोनाराने ते मान हलवून मान्य केलं असतं. मी हे उत्साहाने बायकोला सांगितलं.

‘साडेतीन मासे?’ ती म्हणाली. ‘अर्धा कुणी खाल्ला?’

पुढचा शोध आणखी गमतीचा निघाला. .२२३ आणि .२२-२५० मधली गोळी एकच असते! तोच व्यास, हवं तर तेच वजन. फरक मागच्या पितळी पुंगळीत, म्हणजे तिच्यात बसणाऱ्या दारूत. .२२-२५० मध्ये दारू जवळजवळ दीडपट भरते. कारखान्याच्या ५५ ग्रेनच्या काडतुसात .२२३ ची गोळी नळीतून निघताना सेकंदाला साधारण ९९० मीटर जाते, .२२-२५० ची ११२० मीटर. दीडपट दारू आणि वेगात जेमतेम आठवा हिस्सा वाढ. बाकीची दारू कुठे जाते? आवाजात, उष्णतेत आणि नळी जाळण्यात. (दारूचं हे गणित बंदुकीपुरतंच आहे असं मला वाटत नाही, पण तो विषय वेगळा.)

या वेगाच्या वेडाला वंशावळही आहे. १९१५ च्या सुमाराला सॅव्हेज कंपनीने .२५०-३००० हे काडतूस आणलं. त्या नावातले तीन हजार म्हणजे सेकंदाला तीन हजार फुटांची फुशारकीच. पुढे अमेरिकेतल्या हौशी लोकांनी त्याच पुंगळीचा गळा आवळून त्यात बारीक गोळी बसवली, आणि कित्येक वर्षं हे काडतूस घरगुती लोणच्यासारखं ज्याच्या त्याच्या कृतीने चाललं. १९६५ साली रेमिंग्टनने त्याला बरणी आणि लेबल दिलं. तेच .२२-२५०. दरम्यान १९३५ मध्ये विंचेस्टरच्या .२२० स्विफ्टने चार हजार फूट ओलांडले होते, आणि नळ्या लवकर खाण्याबद्दल नावही कमावलं होतं.

आता वाऱ्याकडे यायला हवं, कारण वेलिंग्टनमध्ये शेवटी सगळ्यांना वाऱ्याकडेच यावं लागतं. दोन बेटांच्या मधल्या कुक सामुद्रधुनीतून वारा असा घुसतो, जसा लोकलच्या डब्यात दादरला माणूस. इव्हान्स बेच्या काठावर झेफिरोमीटर नावाची २६ मीटरची एक नारिंगी सुई उभी केली आहे, फक्त वाकून दाखवण्यासाठी. इथे छत्री विकत घेणारा माणूस नवखा समजावा.

मला वाटायचं, गोळी जितका वेळ हवेत, तितकी ती वाऱ्याने ढळणार. तसं नाही. हवाच नसती तर गोळीला जितका वेळ लागला असता, त्याहून प्रत्यक्षात जितका जास्त लागतो, तेवढ्या फरकावर वारा आपला हिशेब करतो. वारा वेळ बघत नाही, उशीर बघतो. दोनशे मीटरवर .२२३ च्या गोळीला होणारा उशीर सेकंदाच्या हजारातले सुमारे एकतीस भाग, .२२-२५० ला सव्वीस. ताशी ४० किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे आमच्याकडची किरकोळ झुळूक, पहिलीला साधारण ३५ सेंटिमीटर सरकवतो, दुसरीला २९. एवढी दारू, एवढा आवाज, नवी रायफल, नवी दुर्बीण, आणि हाती आली माझी तीन बोटं.

बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘वारा उशीर बघतो?’ ती म्हणाली. ‘अहो, मग तुम्ही इतकी वर्षं या गावात उभे कसे आहात?’

रविवारी आईचा फोन असतो. आई कुडाळजवळच्या गावी एकटीच राहते, आणि इथल्या बातम्यांत तिला माझ्या नोकरीपेक्षा भाऊजीच्या बंदुकीत जास्त रस. तिचा त्या क्षेत्रातला अनुभवही आमच्यापेक्षा दांडगा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, काथ्याचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, वर केप चढवायची. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत रानडुक्कर पुढच्या वाडीत पोहोचलेलं असे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसते हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे, त्याच आठवड्यात ती भातात उतरायची. आजोबांच्या गोळीचा वेग कुणी मोजला नाही. एकच बार असल्यामुळे ते फार जवळ जायचे आणि बऱ्याचदा न झाडताच परत यायचे.

मी आईला सेकंदाचे मीटर सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली.

‘आणि लागली नाही तर जाते कुठे रे ती?’

हे मी भाऊजीला कुंपणावरून विचारलं. इथे बंदूक हाताळण्याचे सात नियम पाठ करून घेतात, आणि गोळी झाडण्याआधी पलीकडे काय आहे ते बघ, हा त्यातलाच एक. भाऊजीने तो नियम मला घडाघडा म्हणून दाखवला आणि मग तक्त्याकडे जरा वेळ बघत राहिला. तक्त्यात हा रकाना नव्हता.

वेगावर भाबडा विश्वास ठेवणारा तो पहिला नाही. या देशाने एकदा चार पायांचं वेगवान काडतूस निवडून बघितलं आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मांसासाठी आणि खेळासाठी ससे आणले. सशांनी मेंढ्यांची कुरणं खाऊन टाकली. तेव्हा १८८० च्या दशकात सशांवर सोडायला स्टोट आणले, मुंगसाच्या चणीचे, सळसळते, सशाच्या बिळात शिरणारे. पक्ष्यांचे जाणकार तेव्हाच नको म्हणत होते. स्टोट सोडला खरा, पण तो लागला भलत्यालाच. पळणाऱ्या सशामागे लागण्यापेक्षा जमिनीवर अंडी घालणारे, उडता न येणारे पक्षी त्याला सोपे पडले. किवीची पिल्लं आजही सर्वांत जास्त तोच मारतो.

आणि त्या स्टोटचा बंदोबस्त आता कशाने होतो? लाकडी पेटीने. आत स्प्रिंगचा सापळा, त्याच्यामागे एक अंडं. वेग शून्य. करोरीच्या पश्चिमेला माकाराच्या डोंगरांवर असे हजारो सापळे लावले, वर्षानुवर्षं माणसं फिरून ते तपासत राहिली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे पुन्हा किवी सोडले गेले. राजधानीच्या उशाशी किवी ओरडतो, ही गोष्ट इथली माणसं आवाज खाली आणून सांगतात. भाऊजीही आमच्या भागातल्या एका गटाबरोबर महिन्यातून दोनदा सापळ्यांची फेरी मारतो. अंडी कधी कधी आमच्याकडून नेतो. अंड्याऐवजी सशाचं मांसही चालतं, हे ऐकून मला त्या स्टोट आणणाऱ्या सरकारची आठवण झाली. ससा खायलाच तुला बोलावलं होतं बाबा, तेव्हा का नाही खाल्लास?

शेवटी एका शनिवारी आम्ही वाइरारापात गेलो, भाऊजीच्या ओळखीच्या शेतावर. मी चहाचा थर्मास आणि सल्ला एवढं सांभाळायचं होतं. रेमुटाकाचा घाट चढताना गाडी हलायला लागली. १८८० साली याच डोंगरात वाऱ्याने आगगाडीचे डबे रुळांवरून उलथवले होते, माणसं दगावली होती. जो वारा डबा उचलतो त्याच्यासमोर साडेतीन मासे आणि एक गुंज, असा विचार माझ्या मनात आला. भाऊजीच्याही आला असावा, कारण उतारावर तो काहीच बोलला नाही.

शेतावर पोहोचलो तर गवत जमिनीला टेकलेलं. .२२३ गाडीतून बाहेरसुद्धा निघाली नाही. एक तासभर आम्ही चहा प्यालो. मग मॅक्रोकार्पाच्या झाडांच्या उंच कुंपणाच्या आडोशाला, जिथे वारा पोहोचत नव्हता, तिथे ससे आपले आपण येऊन बसले. भाऊजीने जुनी .२२ काढली आणि पोटावर सरपटत निघाला. चाळीस मीटरवर येईपर्यंत त्याला पंधरा मिनिटं लागली. माझ्या डोळ्यांसमोर आजोबा होते. आवाज चिमुकलाच झाला. तासाभरात दोन ससे.

एक सापळ्यांच्या फेरीसाठी फ्रीझरमध्ये गेला. दुसरा आमच्याकडे आला, आणि आई फोनवरून एक एक पायरी सांगत राहिली. कांदा-खोबरं भाजून वाटप, तिचाच मालवणी मसाला (विमानतळावर रीतसर जाहीर करून आणलेला), आणि आच मंद. ‘ससा रानातला असतो, त्याला वेळ द्यावा लागतो,’ असं ती तीनदा म्हणाली. भाऊजी आणि त्याची बायको सातला आले, जेवण साडेनऊला वाढलं. भाऊजीच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात त्याने हात पुसले, खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

‘.२०४ रुगर,’ तो म्हणाला. ‘२००४ साली आलं. सेकंदाला चार हजार दोनशे फूट. गोळी बत्तीस ग्रेन.’

‘बत्तीस ग्रेन म्हणजे किती हो?’ बायकोने भात वाढता वाढता विचारलं.

मी मनात हिशेब केला. ‘दोन मासे आणि एक गुंज.’

‘चार माणसांत?’ ती म्हणाली. ‘भाऊजींना सांगा, पुरायचे नाहीत.’