हातगुण

तालुक्याच्या गावात डॉक्टर दवाखाना काढतो पदवीवर, पण तो चालतो हातगुणावर. पदवी विद्यापीठ देतं, हातगुण गाव देतं. गावाच्या या परीक्षेला वेळापत्रक नसतं, फेरतपासणीचा अर्ज नसतो आणि निकाल चहाच्या टपरीवर जाहीर होतो.

तिथवर पोचायचा रस्ता मात्र ठरलेला. आमच्या वेळी एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा करावी लागे, नाहीतर बॉण्डचे दहा लाख मोजावे लागत. ज्यांच्याकडे दहा लाख नसत ते सेवाभावी होत. मीही झालो आणि माणदेशातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झालो. एका केंद्रामागे तीस हजार लोकसंख्या असा सपाटीवरचा सरकारी हिशेब. आठवडी बाजाराच्या दिवशी वाटे, तीसच्या तीस हजार आजच आजारी पडलेत. खरं म्हणजे लोक भाजीपाला घ्यायला आलेले असत. आलोच आहोत तर गुडघाही दाखवून टाकू, एवढाच विचार.

कॉलेजच्या पुस्तकात नसलेली लक्षणं मी तिथे शिकलो. अंगात कसकस, पोटात कालवाकालव, डोक्यात घणघण, आणि या सगळ्यांच्या वरताण म्हणजे ‘काय होतंय तेच कळंना’. दुसरी गोष्ट कळली ती अशी की, माणूस खरं दुखणं खुर्चीत बसून सांगत नाही. खोकल्याचं औषध घेतो, पिशवी उचलतो, दारापर्यंत जातो आणि उंबऱ्यात थांबून म्हणतो, “आन् चढावर जरा छातीत आवळल्यागत व्हतंय, पर त्ये काय न्हाई.” त्या ‘काय न्हाई’साठी त्याला परत बोलावून झोपवायचं आणि ईसीजी काढायचा. डॉक्टरकी बरीचशी उंबऱ्यातच असते.

पुढे फलटणला गाळा घेतला. डिपॉझिट, भाडं, तपासणीचं टेबल, हिरवा पडदा, स्टूल. बोर्ड रंगवणाऱ्याने माझ्या नावापुढची अक्षरं मोजली आणि आपुलकीने म्हणाला, “साहेब, अजून दोन-तीन डिग्र्या असत्या तर बोर्ड भरल्यासारखा दिसला असता.” मेडिकल कौन्सिलचं प्रमाणपत्र मी काचेत लावलं. शेजारी औषध कंपनीचं कॅलेंडर. लोक अजूनही कॅलेंडरच बघतात. त्यावर चतुर्थी असते. कचऱ्याचे रंगही पाठ करावे लागले: पट्ट्या-बोळे पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. कंपाउंडरचे ते माझ्याआधी पाठ झाले.

सुरुवातीला दवाखान्यात माशी यायची, तीसुद्धा तपासून न घेता जायची. मित्र सांगायचे, बाहेरच्या बाकावर आपलीच चार माणसं बसवून ठेव, गर्दीला गर्दी येते. तसं काही करावं लागलं नाही, कारण आषाढीची वारी आली.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद-तरडगाव करत फलटणला मुक्कामी येते. तोवर आळंदी सोडून बरेच दिवस झालेले असतात आणि ते तळपायांवर लिहिलेले असतात. गावातले डॉक्टर तळाजवळ टेबलं टाकून बसतात, तसा मीही बसलो. पण पाय टेबलाच्या उंचीवर येत नाहीत. मग टेबल बाजूला सारून जमिनीवरच मांडी ठोकली. फोडावरची कातडी सोलायची नाही, कडेने पाणी काढायचं, मलम लावून पट्टी बांधायची; बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या धुऊन कोरड्या करायच्या. एका आजोबांना मी पुस्तकी सल्ला दिला, “चार दिवस पायावर भार देऊ नका.” ते मनापासून हसले. “मग पंढरपूरला काय डोक्यावर चालत जाऊ, माउली?” मी निमूट पट्टीचा आणखी एक वेढा दिला.

पुढच्या आठवड्यात बाक भरला. औषधाचा गुण नंतर. गावाने डॉक्टरला जमिनीवर बसलेलं पाहिलं होतं, तेवढं त्याला पुरलं.

त्यानंतर गावाने मला कायमचंच ताब्यात घेतलं. गणेशमंडळाची आरती माझी, शाळेचं बक्षीस वाटप माझं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा जिलबी धरून विचारतो, “शुगर दोनशेवर आहे, एक चालेल का?” आणि उत्तर यायच्या आत ती खातो. अशा वेळी डॉक्टरला एखादा नाद असलेला बरा. थोर उदाहरणांना तोटा नाही. डॉ. जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर होते आणि ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शकही. डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घसा सोडून रंगभूमी धरली. डॉ. अनिल अवचट लिहिता लिहिता बासरी, ओरिगामी, लाकूडकाम असे एकेक छंद लावून घेत गेले. काहींना नाद डॉक्टरकीतच सापडतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाच्या मागे लागले आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरून ‘लॅन्सेट’पर्यंत पोचले.

मी पखवाज धरला. शिकवणारे बुवा माझेच रक्तदाबाचे पेशंट. सकाळी ते माझ्या स्टुलावर बसतात आणि मी त्यांना लोणच्यावरून बोलतो. रात्री मी त्यांच्या सतरंजीवर बसतो आणि ते मला लयीवरून बोलतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. ती सैल पडली की आवाज दबतो, घट्ट झाली की ठणकतो. “डॉक्टर, पोळीची नाही, पुरीची मळा,” एवढाच त्यांचा फॉर्म्युला. दिवसभर सगळा गाव ‘हो साहेब’ म्हणत असताना रात्री कुणीतरी मनगटावर टिचकी मारून ‘पुन्हा’ म्हणतं, हे प्रकृतीला फार मानवतं.

रियाजाचा डोस त्यांनी ठरवून दिलाय: सकाळ-संध्याकाळ, रोज, मध्ये बंद करायचा नाही. मी सुरुवात जोरात केली. मग ओपीडी लांबली, मग पाहुणे आले, मग जरा बरं वाजायला लागलं म्हणून सोडून दिला. गोळ्यांचा कोर्स लोक का पूर्ण करत नाहीत, हे मला औषधशास्त्राच्या तासाला कुणी सांगितलं नव्हतं. लोक उद्दाम नसतात, अडाणीही नसतात. त्यांच्याकडे पाहुणे आलेले असतात.

आता पेशंटला मी “गोळ्या घेता ना?” असं विचारत नाही. त्यावर “हो” शिवाय उत्तरच येत नाही. “या आठवड्यात किती चुकल्या?” असं विचारतो. मग माणूस बोटं मोजतो, थोडा ओशाळतो आणि खरं सांगतो. हा प्रश्न बुवांचा. ते मला पहिल्या दिवसापासून असाच विचारत आलेत.