बेचाळीस नंबरचं घर

रात्री पावणेदोनला फोन वाजला की आमच्या घरात त्याचा एकच अर्थ असतो. मी ‘हो, बघतो’ म्हणून फोन ठेवेपर्यंत आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“कोण गेलं रे?”

“कुणी गेलं नाही. डेटाबेस पडलाय.”

“अगं बाई! फार लागलं का?”

लागलं फारसं नव्हतं, पण पडण्याची तऱ्हा वाईट होती. पडायचा, आपला आपण उठायचा, कामाला लागायचा आणि दोन मिनिटांत पुन्हा पडायचा. त्याच्या पायात पाय घालणारा कोड दुसऱ्या कुणाचा असता तर मी चार शब्द ऐकवून झोपलो असतो. तो माझाच होता. तीन वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि मनातल्या मनात मला ज्याचा जरा अभिमानही होता असा.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. या नावातल्या ‘पोस्ट’चा टपालाशी काही संबंध नाही. बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांचा इंग्रेस नावाचा डेटाबेस होता. त्याच्या नंतरचा म्हणून १९८६ साली सुरू झालेला हा पोस्टग्रेस. गंमत अशी, की तरीही याच्यात एक पोस्टमास्तर आहे. सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्य प्रोसेसचं नावच ते. नवं गिऱ्हाईक आलं की पोस्टमास्तर त्याच्या दिमतीला एक स्वतंत्र प्रोसेस देतो आणि स्वतः पुन्हा दाराशी जाऊन बसतो. माझे आजोबा टपालखात्यात होते. आयुष्यभर पत्रं वेगळी करण्यात गेलं त्यांचं. नातवाच्या कामातही एक पोस्टमास्तर आहे हे ऐकून त्यांना बरं वाटलं असतं.

पोस्टग्रेसचा एक मोठेपणा म्हणजे तो बाहेरच्या माणसाला घरात शिरू देतो. तुमची स्वतःची फंक्शनं लिहा, सर्व्हरला जोडा. याला एक्स्टेंशन म्हणायचं. वाड्याला मागून पडवी काढावी तसं. फरक इतकाच, की सी भाषेत लिहिलेली ही पडवी वाड्याच्याच भिंतीवर उभी असते. ती कोसळली तर एकटी कोसळत नाही.

माझी पडवी होती पत्ते स्वच्छ करणारी. पुण्यातले पत्ते हा काय प्रकार आहे हे पुणेकरांना सांगायला नको. ‘खुन्या मुरलीधराच्या मागे’, ‘पत्र्या मारुतीजवळ’ एवढ्यावर माणसं मुक्कामी पोचतात. घर क्रमांकाच्या रकान्यात लोक ‘११८०/ब’ लिहितात, ‘११८० ब’ लिहितात, आणि एकाने ‘११८० ब, जिन्याखालून’ असंही लिहिलं होतं. ही अक्षरं घ्यायची, जादाची जागा काढायची, तिरकी रेघ नीट करायची आणि रकान्यात परत ठेवायची, एवढंच माझ्या कोडचं काम. नवीन ओळ टेबलात शिरताना हे आपोआप व्हावं म्हणून तो ट्रिगर म्हणून बसवला होता. तीन वर्षं निमूट चालला.

पहाटे साडेतीनपर्यंत मी लॉग वाचत होतो. पोस्टग्रेसचा लॉग फक्त एवढंच सांगत होता, की एक प्रोसेस अकरा नंबरच्या सिग्नलने गेली. अकरा नंबर म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट : जी मेमरी आपली नाही तिथे हात घातला, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने जागीच गळा धरला. मग लिनक्सचा लॉग उघडला. तिथे कुठल्या पत्त्यावर हात घातला ते लिहिलेलं असतं. पत्ता होता ‘२ए’. एरवी मेमरीचे पत्ते लांबलचक, मालगाडीसारखे. हा दोनच अक्षरांचा. पुढच्या क्रॅशलाही २ए. त्याच्या पुढच्यालाही २ए.

हे पत्ते सोळाच्या पाढ्याने लिहितात. सोळा दुणे बत्तीस, आणि ए म्हणजे दहा. बेचाळीस.

त्या रात्री एका नव्या वसाहतीची यादी टेबलात चढत होती. मी यादी उघडली. पहिलीच ओळ : घर क्रमांक ४२.

आता झालं काय ते सांगतो. पोस्टग्रेसच्या पोटात फंक्शनच्या हाती वस्तू येते ती आठ बाइटच्या एका कप्प्यात. त्याला ‘डेटम’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘दिलेली वस्तू’. आकडा छोटा असेल तर तो स्वतःच त्या कप्प्यात बसतो. अक्षरं तिथे मावत नाहीत, म्हणून ती दुसरीकडे ठेवून कप्प्यात नुसती चिठ्ठी टाकतात : अमुक पत्त्यावर जा, तिथे मजकूर आहे. आत वस्तू आहे की वस्तूचा पत्ता, हे कप्प्यावर लिहिलेलं नसतं. ते आपण विचारून घ्यायचं असतं. माझ्या कोडने विचारलं नव्हतं. जुन्या टेबलांत घर क्रमांकाचा रकाना अक्षरांचा होता, म्हणून सदैव चिठ्ठीच येणार हे मी गृहीत धरलं होतं. नव्या टेबलात तो रकाना आकड्यांचा केला होता. कप्प्यात आलं ४२. माझ्या कोडने ती चिठ्ठी समजली आणि तो बिचारा मेमरीच्या गल्लीत बेचाळीस नंबरचं घर शोधत निघाला.

त्या गल्लीत घरच नाही. मेमरीचे अगदी सुरुवातीचे पत्ते लिनक्स मुद्दाम रिकामे ठेवतो, चुकलेली माणसं तिथेच पकडली जावीत म्हणून. एका अर्थी आमचं नशीब. त्या जागी कुणी राहत असतं, तर माझ्या कोडने दार न वाजवता त्याचं सामान वाचून आणलं असतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

ट्रिगर बसवताना पोस्टग्रेसने अडवलं का नाही, असं मला वाटलं होतं. पण ट्रिगरच्या फंक्शनला जाहीर केलेले प्रकार नसतात. त्याला सबंध ओळ मिळते आणि तीतून हवा तो रकाना त्याने काढायचा. म्हणजे दारावरचा पहारेकरी त्याला ओळखीचा माणूस समजून सोडतो. पुढची जबाबदारी आत शिरणाऱ्याची.

एका ट्रिगरच्या चुकीने सगळे का पडावेत? तर सगळ्या प्रोसेस मिळून मेमरीचा एक सामाईक भाग वापरतात. वाड्यातल्या सामाईक हौदासारखा. एक जण वाईट तऱ्हेने गेला, की त्याने जाताना हौदात काही टाकलं की काय याची खात्री देता येत नाही. मग पोस्टमास्तर सगळ्यांना बाहेर काढतो, हौद रिकामा करतो, आणि काय काय झालं होतं त्याची रोजनिशी वाचून घर पुन्हा लावतो. पक्कं झालेलं काहीही हरवत नाही. मला आवडतं ते हे, की पोस्टमास्तर स्वतः त्या हौदात सहसा हात घालत नाही. म्हणून तो वाचतो, आणि म्हणून बाकीच्यांना वाचवू शकतो. पण आमची यादी चढवणारा प्रोग्रॅम चिकाटीचा. दार उघडलं रे उघडलं, की तो पुन्हा बेचाळीस नंबर घेऊन हजर.

दुरुस्ती सहा ओळींची. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे : अक्षरांचा २५, साध्या पूर्णांकाचा २३. रकाना हाती घेण्याआधी विचारायचं, तुमचा क्रमांक काय? २५ नसेल तर नम्रपणे चूक जाहीर करायची : ‘या रकान्यात अक्षरं अपेक्षित होती, पूर्णांक आला.’ तेवढा एक व्यवहार रद्द होतो, शेजाऱ्याच्या चहाच्या कपालाही धक्का लागत नाही.

सकाळी दहाला हे बसवलं आणि साडेदहाला अर्ध्या शहराचे पत्ते अडले. जुन्या टेबलांपैकी अनेकांत हा रकाना ‘व्हारचार’ प्रकारचा होता. त्याचा क्रमांक १०४३. आतून तो अक्षरांसारखाच, पण मी नव्याने शहाणा झालेल्या माणसाच्या कडकपणाने २५ सोडून सगळ्यांना हाकललं होतं. एकदा फसलेला माणूस पुढचे काही दिवस सख्ख्या भावाकडेही ओळखपत्र मागतो. मग यादीत १०४३ घातला.

आजोबांकडे एक शिक्का होता, ‘पत्ता अपूर्ण’. तो मारून पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाई. लहानपणी मला तो शिक्का दुष्ट वाटे; कुणाचं तरी पत्र पोचणार नाही याचं वाईट वाटे. ते म्हणायचे, “अरे, परत गेलेलं पत्र पुन्हा लिहिता येतं. भलत्याच्या हाती पडलेलं नाही येत.” माझ्या सहा ओळी म्हणजे तोच शिक्का. मारायला मात्र तीन वर्षं उशीर झाला.

नवं टेबल बनवणाऱ्या मुलीला मी दुपारी हे सगळं सांगितलं. ती गोंधळून म्हणाली, “पण सर, तो नंबरच आहे ना?” तिचं चूक नव्हतं. त्या वसाहतीत सगळी घरं १, २, ३ अशी शहाण्यासारखी उभी आहेत. पण घराचा नंबर हा नंबर नसतो, ते घराचं नाव असतं. पिन कोडचं तेच, फोनचं तेच. रकाना आखताना एवढंच विचारा : याची बेरीज मी कधी करणार आहे का? बेचाळीस नंबरचं घर आणि त्रेचाळीस नंबरचं घर मिळून पंच्याऐंशी नंबरचं घर होत नाही.