गुरुजींच्या अंगात आलंय

ऐकलंत का? गुरुजींनी खडू टाकला! म्हणजे खडू आहे, खिशातच आहे, पण चारचौघांत बाहेर काढायची आता लाज वाटते. कॉलरला माइक, समोर तीन पायांवर उभा मोबाइल आणि मोबाइलच्या मागे चौथीची अकरा पोरं. गुरुजी पोरांकडे बघत नाहीत, कॅमेऱ्याकडे बघतात. 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आपल्या चॅनेलवर तुमचं मनःपूर्वक स्वागत!' अहो, मित्र समोर मांडी घालून बसलेत, नाक पुसतायत, त्यांना चॅनेलवर कशाला बोलावताय? पण ऐकतो कोण? शेवटी लाइक करा, शेअर करा, घंटीचं बटण दाबा. दोन शिक्षकांच्या शाळेत खरी घंटा बडवायला शिपाई नाही, ती गुरुजीच बडवतात. या घंटीसाठी मात्र अख्ख्या महाराष्ट्राच्या विनवण्या!

या पंथाचं नाव तंत्रस्नेही. हसू नका, सरकारी कागदावरचा शब्द आहे. तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, संमेलनं झाली, याद्या झाल्या. ज्याचं नाव यादीत नाही त्याने स्टाफरूममध्ये कुठल्या तोंडाने चहा प्यायचा? निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईंनीही भाचीकडून पीपीटी शिकून घेतली. पहिल्याच पीपीटीत अक्षरं डावीकडून येतात, उजवीकडून येतात, गरगर फिरत वरून पडतात. 'पाण्याचे उपयोग' एवढाच धडा. पण उपयोग क्रमांक तीन टाळ्यांच्या आवाजासकट आला तेव्हा वर्गाने श्वास रोखला होता म्हणे.

सुरुवात कुठून झाली, ते आपल्याला तारखेनिशी पाठ आहे. 22 जून 2015 चा शासन निर्णय, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र. त्याच सुमाराला सगळ्यांना साताऱ्याच्या कुमठे बीटचा साक्षात्कार झाला. तिथल्या शाळांत मुलं स्वतःहून शिकतात, गटात बसतात, गोट्या-काड्या-कार्डं मांडून वजाबाकी करतात, असं कळलं मात्र, जिल्ह्याजिल्ह्यांतून गाड्या भरभरून माणसं तिकडे निघाली. वारीच म्हणा! परत आल्यावर काय? ज्ञानरचनावाद! वर्गातली टेबल-खुर्ची हद्दपार, गुरुजी जमिनीवर. फरशीवर ऑइलपेंटची गोल, चौकोनी, सापासारखी नागमोडी आखणी. गुडघे धरलेल्या गुरुजींची कोण विचारपूस करणार? बाहेरच्या भिंतीवर आगगाडी तर हवीच हवी. वर्गांची दारं म्हणजे डब्यांची दारं, मुख्याध्यापकांची खोली म्हणजे इंजिन. ज्या तालुक्याने अजून रूळ पाहिलेले नाहीत, तिथेसुद्धा शाळेच्या भिंतीवर एक्स्प्रेस उभी! आणि आपण नाकं मुरडत त्याच डब्याच्या दारात उभं राहून फोटो काढून आलो, तो स्टेटसलाही ठेवला. खोटं बोलू नका, मी पाहिलाय.

मग पाष्टेपाडा. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला आदिवासी पाडा, आणि तिथली जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल! पोरांच्या हातात टॅब, भिंतीवर प्रोजेक्टर. झालं, प्रत्येक गावाच्या अस्मितेला हात घातला गेला. 'त्यांच्या पाड्यावर आहे आणि आपल्या गावात नाही?' सरपंचांनी मिशीवर ताव दिला, लोकवर्गणीची पावतीपुस्तकं छापली गेली. मारुतीच्या जीर्णोद्धाराला मागे सरणारा माणूस प्रोजेक्टरसाठी पाचशेची नोट काढायला लागला, याला कलियुग नाही तर काय म्हणायचं? एलईडी टीव्ही आला, त्याला हार घातला, नारळ फोडला, फीत कापली. देणगीदारांची नावं टीव्हीच्या पडद्यापेक्षा मोठ्या अक्षरांत भिंतीवर रंगवली. आणि वीज? अहो, रंगात भंग कशाला करता! बिल भरायला शाळेकडे पैसा नाही, थकलं की वायरमन येतो आणि जोडणी तोडून जातो. अशा कितीतरी शाळांत टीव्ही आहे, वीज नाही. पण त्या टीव्हीवरची धूळ रोज पुसतात हो, अगदी देवाच्या फोटोची पुसावी तशी.

या वणव्याला हवा घातली कुणी म्हणाल तर सोलापूरच्या गुरुजींनी. माढा तालुक्यातलं परितेवाडी, आणि तिथले रणजितसिंह डिसले. पाठ्यपुस्तकात कवितेशेजारी काळापांढरा चौकोन चिकटवला. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. एवढीशी गोष्ट, पण पुढे राज्याच्या पुस्तकांत ते क्यूआर कोड आले आणि देशपातळीवरच्या पुस्तकांतही गेले. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर! आपण हिशेबाला बसलो, डॉलरचे रुपये करून झाले, सात कोटींच्या वर आकडा जातो म्हणून डोळे फिरवून झाले, तोवर या गृहस्थांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकल्याची बातमी आली. आता सांगा, नावं ठेवायची सोयच उरली नाही ना?

पण बाकीच्यांना ठेवू या की! परितेवाडीचा चौकोन बघून जे काही पेव फुटलं, विचारू नका. शाळेच्या आवारातल्या लिंबाला क्यूआर कोड, चिंचेला क्यूआर कोड. मोबाइल धरा, झाड आपली माहिती सांगतं. पोरं त्याच चिंचेवर चढून बसलेली, गाभुळलेल्या चिंचा खातायत, आणि खाली गुरुजी म्हणतायत, 'उतरा, आधी स्कॅन करा!'

लॉकडाऊनबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे, कारण तिथे आपणा सगळ्यांचे हात बरबटलेले आहेत. एप्रिल 2020 पासून 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोज सकाळी अभ्यासमाला मोबाइलवर येऊन पडायची. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली'. पालघरकडच्या पाड्यांवर, जिथे रेंजच नाही, तिथे भोंगा लावून धडे ऐकवले. हे सगळं ठीक, नव्हे चांगलंच. पण ती प्रमाणपत्रं? आठवतंय का? गूगल फॉर्मवर पंचवीस प्रश्नांची प्रश्नमंजूषा. चाळीस टक्के मिळवा, दोन मिनिटांत ईमेलवर रंगीत प्रमाणपत्र! जागतिक वसुंधरा दिन, परिचारिका दिन, योग दिन, गुरुपौर्णिमा. दिनविशेष संपले तेव्हा फळं, भाज्या आणि म्हणी यांच्यावर आले. दिवसाला आठ-आठ प्रश्नमंजूषा. प्रमाणपत्राला सोनेरी महिरप, त्यावर चार सह्या, एक शिक्का, आणि मधोमध आपलं नाव, इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगसह. ज्या काकूंनी दहावीचा निकाल आजवर कुणाला दाखवला नाही, त्यांनी 'कोरोना जनजागृती'त शंभर टक्के पाडले आणि कॉलनीच्या ग्रुपवर पोस्ट टाकली. खाली बावीस अंगठे, नऊ नमस्कार, एक पुष्पगुच्छ. पहिल्यांदा चाळीस टक्के पडले नाहीत तर फॉर्म पुन्हा भरता यायचा, हेही आपल्याला कसं बरं ठाऊक?

वेबिनार तर त्याच्याही वरताण. 'उद्याच्या शिक्षणाची दिशा' या विषयावर तीन तास. पहिला तास 'माझा आवाज येतोय का', दुसरा तास प्रास्ताविक आणि वक्त्यांचा परिचय, तिसऱ्या तासात वक्त्यांची रेंज गेली. मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, कुणाचं तरी 'अगं, दुधाकडे बघ'. अभिप्रायाचा फॉर्म चॅटमध्ये पडला, की तीनशेपैकी दोनशे नव्वद माणसं ती लिंक घेऊन पसार. अभिप्राय एकच: 'अतिशय उपयुक्त मार्गदर्शन.'

सरकारलाही या साथीची लागण झाली नसती तरच नवल. नोव्हेंबर 2016 मध्ये आदेश निघाला, की जानेवारीपासून दर सोमवारी गुरुजींनी दहा-दहा मुलांचा गट करून सेल्फी काढायची आणि 'सरल' या सरकारी पोर्टलवर चढवायची. हजेरीसाठी! साठ मुलांचे सहा गट, एक हात लांब, पोरांची डोकी चौकटीबाहेर. आरडाओरडा झाला, आदेश थोपवला गेला. पण सेल्फी कुठली जाते? 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या पत्रासह मुलांची आणि पालकांची सेल्फी मागवली गेली. आणि आपण काय केलं? केस विंचरून उभे राहिलो.

आता एक कबुलीवजा कुजबुज, कुणाला सांगू नका. यातल्या काही खुळांवर आपला जीव जडलाय. ती प्लिकर्सची कार्डं पाहिलीत? प्रत्येक पोराच्या हातात एक पुठ्ठा, त्यावर काळी नक्षी. ज्या बाजूला उत्तराचं अक्षर, ती बाजू वर धरायची. गुरुजी एकच मोबाइल वर्गावरून फिरवतात आणि कोणाचं चुकलं ते लगेच पडद्यावर. शेजाऱ्याचं बघून लिहिण्याची शतकानुशतकांची परंपरा एका पुठ्ठ्याने बुडवली, कारण प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी! आणि तो गूगलचा थ्रीडी वाघ? मोबाइल पुढे धरला की वर्गाच्या मधोमध येरझाऱ्या घालणारा? पोरांनी किंकाळ्या फोडल्या, बाकांवर चढली, एकीने वाघाला डब्यातली पोळी दाखवली. आपण म्हणालो, 'काय हा पोरकटपणा!' आणि रात्री स्वतःच्या बैठकीत सोफ्यावर वाघ बसवला. सासूबाईंना बोलावून दाखवला. त्यांनी पदर सावरला.

ताजा गौप्यस्फोट पुढेच आहे. 2010 पासून गुरुजींच्या मानगुटीवर बसलेल्या, पोरांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी आता एआय लिहितं! पूर्वी नोंदींची पीडीएफ ग्रुपवर फिरायची आणि जिल्हाभरची पोरं एकाच वेळी 'उपक्रमात उत्साहाने सहभागी' व्हायची. कधी घाईत सानिकासुद्धा 'खेळात रमतो'. आता एआयला सांगितलं की अकरा पोरांच्या अकरा वेगळ्या नोंदी, आणि मराठी अशी की गुरुजींनीच शब्दकोश काढावा. 'समीरमध्ये अन्वेषणात्मक जिज्ञासा परिलक्षित होते.' समीर बेडकाच्या मागे चिखलात गेला होता, एवढंच झालेलं! मराठी शाळेच्या नोंदवहीत हे शब्द चढवताना एका गुरुजींनी शेवटची ओळही तशीच उतरवली म्हणे: 'तुम्हाला आणखी नोंदी हव्या आहेत का?' विस्तार अधिकाऱ्यांनी खाली सही केली.

आणि आपण पालक काय धुतल्या तांदळाचे? विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प कुणी लिहून घेतला? पोराने? आईने? आपण तर बाई, रात्री अकराला मोबाइललाच म्हणालो, 'पाचवीतल्या मुलाच्या भाषेत लिही, दोन चुका ठेव.' त्याने ठेवल्या. बाईंनी त्या दोन चुकांना लाल गोल केला आणि खाली 'छान प्रयत्न' असं लिहिलं. आता बाईंनी तपासलं, का बाईंच्या मोबाइलने, हे विचारायची हिंमत कुणात आहे?

बरं, बोलता बोलता केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर नवी लिंक पडलीय. 'सर्वांनी आज पाचपर्यंत भरावी. अत्यंत तातडीचे.' कसली लिंक, कशासाठी, कोणाकडून, काही लिहिलेलं नाही. कुणी विचारलंही नाही. तिसऱ्या मिनिटाला ओळीने सतरा 'भरली सर', आणि त्यात एक तर अशा बाईंचा, ज्या मार्चमध्येच निवृत्त झाल्या.