खुंट कुणाचा, काडी कुणाची

सांता रोझा जातीचं एक जाणतं झाड जूनच्या उत्तरार्धात जेवढे प्लम देतं, तेवढे चार माणसांच्या घराने खाऊन संपवायचे ठरवले तर निदान दोघांना नोकरी सोडावी लागेल. बरं, झाड हे सगळं पंधरवड्यात उरकतं. सोमवारी फळ टणक, गुरुवारी जरासं दबतं, शनिवारी तयार आणि रविवारी सकाळी गवतावर, फुटलेलं, मुंग्या लागलेलं. हापूस निदान पेंढ्यात आठवडाभर कळ काढतो. सांता रोझाला तेवढाही धीर नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत जूनमध्ये कुणी घंटा वाजवली की दार उघडणाऱ्याच्या हातात पिशवी भरून तयार असते. कोण आलंय, काय काम आहे, हे नंतर.

आम्ही सनीव्हेलला राहतो. कॅलिफोर्नियातलं हे खोरं आज जग सिलिकॉनच्या नावाने ओळखतं, पण त्याआधी ते प्लमचं, जर्दाळूचं आणि चेरीचं खोरं होतं. लुई पेलिए नावाचा फ्रेंच माणूस इथे सोनं शोधायला आला. सोनं गवसलं नाही, तेव्हा त्याने सॅन होजेत रोपवाटिका काढली. 1856 साली त्याचा भाऊ फ्रान्सहून आझां भागातल्या प्लमच्या काड्या घेऊन आला. समुद्रप्रवासात वाळू नयेत म्हणून त्या बटाट्यांत खोचून आणल्या होत्या, असं इथे सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर सामानातून कढीपत्त्याची फांदी काढून घेतली गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे ऐकून पेलिएबंधूंचा आदर आणि हेवा एकदमच वाटतो. त्या काड्यांची पुढे एवढी झाडं झाली की वसंतात सगळं खोरं पांढरं व्हायचं. शेजारच्या साराटोगा गावाने 1900 साली मोहोराचा उत्सवच सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा तोडून घरं उठली, त्यातलंच एक आमचं. आता प्लमच्या जमिनीवर सफरचंदाच्या नावाची कंपनी नांदते आहे. तिने आपल्या नव्या आवारात सुमारे 9,000 झाडं लावली आणि त्यांत प्लमही घेतले, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

पेलिएचा प्लम आम्ही लावला नाही. तो मुख्यतः सुकवायचा, आणि सुकवलेला प्लम म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना पोट साफ होण्याचीच आठवण येते. आम्हाला खाताना कोपरापर्यंत ओघळ येईल असा हवा होता. म्हणून सांता रोझा. ही जात ल्यूथर बरबँक या अमेरिकन बागायतदाराने 1906 साली बाजारात आणली. बरबँक आपल्याला वाटतो तितका परका नाही. ज्यांच्या घरी परमहंस योगानंदांचं 'योगी कथामृत' आहे त्यांनी अर्पणपत्रिका उघडून पाहावी. ते पुस्तक बरबँकच्या स्मृतीला वाहिलेलं आहे आणि त्याला तिथे अमेरिकन संत म्हटलं आहे. (याच संताने 1926 च्या जानेवारीत आपण पाखंडी आहोत असं वर्तमानपत्राला सांगून देशभर गदारोळ उडवला, पत्रांचा पाऊस ओढवून घेतला आणि एप्रिलमध्ये जगाचा निरोप घेतला. संतांचं काही सांगता येत नाही.) जपानात भटकलेल्या एका खलाशाच्या आठवणींत सात्सुमाकडच्या रक्तासारख्या लाल प्लमविषयी वाचून बरबँकला चैन पडेना. 1885 मध्ये जपानहून बारा रोपं आली, आणि त्यांचे संकर करत करत वीस वर्षांनी सांता रोझा हाती लागला. हजारो रोपं वाढवायची, मनाला येतील तेवढी चारदोन ठेवायची आणि उरलेल्यांची होळी करायची, ही त्याची रीत. नोंदी ठेवण्यात मात्र गबाळा. शास्त्रज्ञ त्याच्यावर वैतागलेले असत, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. त्याच 1906 च्या 18 एप्रिलला मोठा भूकंप झाला, बरबँक राहायचा त्या सांता रोझा गावाचा मध्यभाग कोसळला, पण त्याचं काचघर तगलं. ते अजून उभं आहे.

आमच्या सासूबाई गुहागरकडच्या. माहेरी हापूसची कलमं, त्यामुळे खुंट, काडी, डोळा, पाचर हे त्यांचं रोजचं बोलणं. आम्ही जानेवारीत झाड आणलं. इथे हिवाळ्यात झाडं निजलेली असताना मुळांची माती झटकून विकतात. पान नाही, फांदी नाही. ओल्या भुशात गुंडाळलेली अंगठ्याएवढी जाड काठी. व्हिडिओ कॉलवर ती काठी पाहून सासूबाई म्हणाल्या, "एवढे डॉलर मोजून हे आणलंस?" खड्डा बुजवल्यावर मी ती गुडघ्याच्या उंचीवर छाटली. खालून फांद्या फुटतात, झाड बुटकं राहतं आणि शिडीशिवाय फळ हाताला लागतं, म्हणून परसातल्या झाडाला असंच करायचं. हे मी समजावून सांगत होते, पण तोवर सासूबाईंनी फोन सासऱ्यांकडे दिला होता.

प्लम वाढवण्यात निम्म्याहून जास्त काम कापण्याचं असतं. झाड फळायला लागलं त्या वर्षी सासूबाई इथेच होत्या. एप्रिलमध्ये फांद्यांना गोट्यांएवढी हिरवी फळं दाटीवाटीने लागली होती, आणि मी दर दोन फळांत चार बोटं अंतर ठेवून बाकीची खुडून टाकत होते. सासूबाई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या.

"अगं, धरलेलं फळ असं कुणी खुडून टाकतं का?"

"आई, नाही खुडली तर सगळीच बोराएवढी राहतील. शिवाय फांदी मोडेल."

"मोडतेय कशी? टेकू दे की बांबूचा!"

माझं ऐकणं त्यांच्या स्वभावात नाही आणि टाकून देणंही नाही. त्यांनी खाली पडलेली सगळी फळं ओच्यात गोळा केली, धुऊन वाडग्यात घेतली आणि वर मीठ भुरभुरलं. कुंपणापलीकडच्या शेजारीणबाई इराणच्या. त्यांनी वाडगा पाहिला आणि हातातली पाण्याची नळी तशीच टाकून आल्या. इराणात वसंत आला की हिरवे आंबट प्लम मिठाबरोबर खातात. त्यांची जात निराळी, पण आंबटपणाला कुठे जात लागते? सासूबाईंनी लगेच तिखटाची डबी आणली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला फारसी. तरी अर्धा तास दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, आणि मधून मधून दोघी माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. तेव्हापासून विरळणी झाली की फळं कुंपणावरून आधी पलीकडे जातात.

खारींचा मामला निराळा. खार पूर्ण फळ खात नाही. पिकायच्या आदल्या दिवशी येते, एक घास घेते, फळ टाकते आणि दुसरं धरते. मी जाळी लावायला निघाले की सासूबाई आडव्या येत. सेतू बांधताना तिने वाळू वाहिली, रामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला हाकलायचं नाही. शेवटी आमच्या दहावीतल्या चिरंजीवांनी तोड काढली. "आजी, नीट बघ. इथल्या खारीच्या पाठीवर पट्टे आहेत का? म्हणजे ही तिकडे आलीच नव्हती." सासूबाईंनी चष्मा लावून खारीची पाठ तपासली आणि त्याच संध्याकाळी जाळी लागली.

परत जाताना त्यांना प्लमच्या कोया गुहागरला न्यायच्या होत्या. पण तिथे गाडी दोन ठिकाणी अडते. सांता रोझाला मोहोर यायचा तर हिवाळ्यात तीनशे तासांच्या आसपास सात अंशांखालची थंडी लागते, आणि गुहागरला पारा तिथवर उतरायची वाट बघण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे कोयीतून येईल ते झाड सांता रोझाचं नसतं. ते आपल्या मर्जीचं रायवळ. जात टिकते ती काडीतच. म्हणजे जगात आज जेवढी सांता रोझाची झाडं आहेत, ती सगळी बरबँकच्या त्या पहिल्या झाडाच्या फांद्या, एका हातातून दुसऱ्या हातात आलेल्या. इथे 'कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्स' ही हौशी बागायतदारांची 1968 पासूनची संस्था आहे. तिच्या शाखा जानेवारीत काड्यांची देवाणघेवाण भरवतात. लांब टेबलांवर काड्यांच्या जुड्या, प्रत्येकीला चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव. हवी ती उचला, घरी नेऊन पाचर कलम बांधा. जिच्या घरी एकच खुंट आहे ती बाईदेखील एका झाडावर चार जाती नांदवते.

काडीवरून आठवलं. बरबँकने 1881 साली पेटालुमाच्या एका गिऱ्हाइकाला वर्षाच्या आत प्लमची 20,000 कलमं द्यायचं कबूल केलं. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. त्याने बदाम रुजवले, कारण बदाम भराभर उगवतात, आणि उन्हाळ्यात त्या कोवळ्या रोपांवर प्लमचे डोळे भरले. डिसेंबरपर्यंत 19,500 कलमं तयार! मी हे मोठ्या कौतुकाने सासूबाईंना सांगितलं. "आमच्याकडे कोय कलमाला पंधरा दिवसांच्या रोपावर काडी बांधतात," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं?" माझ्या मते हा अमेरिकेतल्या थोर बागायतदाराला कोकणाने दिलेला सर्वोच्च सन्मान आहे. नावं ठेवली नाहीत, म्हणजे मान्य आहे.

इथल्या मोठ्या दुकानांत आता सांता रोझा क्वचित दिसतो. ट्रकमधून शेकडो मैल जाऊनही टणक राहतील अशा मोठ्या काळ्या जातींनी त्याची जागा घेतली. गंमत म्हणजे हिमाचल प्रदेशात मात्र त्याचं चांगलं बस्तान बसलं आहे, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पुण्यामुंबईच्या हातगाड्यांवर जे लालजांभळे प्लम दिसतात त्यांत तोही असतो. पण त्याला लांबचा प्रवास करायचा असतो, म्हणून कच्चाच उतरवतात. तो खाऊन "प्लम आंबट असतो" असं मत ज्यांनी बनवलं त्यांना दोष देता येत नाही. झाडावर पिकलेला सालीला आंबट, आत मधासारखा आणि कोयीपाशी पुन्हा जरा आंबट लागतो. हे तिन्ही एका घासात यायला हवेत, आणि ते फक्त झाडाखाली उभं राहूनच जमतं. उरलेल्यांचा आम्ही गूळ-मेथ्या घालून मेथांबा करतो, आमसुलं संपली तर आमटीतही एखादा ढकलतो. शिजवलेल्या प्लमबद्दल मी एवढंच म्हणेन की तो मेथांब्यात चांगला लागतो आणि आमटीत चालतो. केकमध्ये घालून वाया घालवू नये.

तुम्ही या खोऱ्यात राहत असाल आणि परसात खड्डा खणण्याएवढी जागा असेल, तर डिसेंबरात कळवा, जानेवारीत छाटणी झाली की काड्या ठेवते. ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या तर कलम बांधेपर्यंत नीट टिकतात. नुसतं फळ हवं असेल तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात या, फोन करायची गरज नाही. पिशव्या मात्र आपापल्या आणा, आमच्या केव्हाच संपल्यात.