बिंग फुटलं

विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 रोजी मूठमाती दिली. आता हे असुरक्षित झालं, दहावर या, असं महिनोन् महिने बजावलं जात होतं. जे आज्ञाधारक लोक दहावर आले, त्यांचं तीनच आठवड्यांनी, म्हणजे बुधवारी 5 फेब्रुवारीला, खास स्वागत झालं. स्टार्टशेजारच्या चौकटीत फाइलचं नाव टाइप करावं, तर वर उघडे नुसता कोरा चौकोन. 'सापडलं नाही' एवढं म्हणायचं सौजन्यही नाही. सरकारी खिडकीवर निदान 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी तरी असते.

मग जगभर उपचार सुरू झाले. पहिला अर्थातच रीस्टार्ट. त्याने गुण आला नाही, तर सर्व्हिसेसमध्ये शिरून 'विंडोज सर्च' बंद करून पुन्हा चालू करायचं. त्याच्या पुढची पायरी कंट्रोल पॅनलमध्ये: इंडेक्सिंग ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, रीबिल्ड. दर वेळी सगळी डिस्क उपसायला लागू नये म्हणून कॉम्प्युटर आपल्या फायलींची एक सूची करून ठेवतो. विंडोज 10 मध्ये ही सूची 'विंडोज.ईडीबी' नावाच्या फाइलमध्ये बसते आणि आपण बोटही न लावता काही जीबींपर्यंत फुगू शकते. रीबिल्ड म्हणजे ती पुसायची आणि पहिल्यापासून पुन्हा करायची. फायली बक्कळ असतील तर या कामाला तासन् तास लागतात. किती आयटम झाले याचा आकडा तिथेच चढत असतो, आणि तो चढताना बघण्यात एक विचित्र समाधान आहे. काहीतरी घडतंय असं वाटतं.

त्या बुधवारी मात्र यातलं काहीही लागू पडणार नव्हतं, कारण बिघाड कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. खुलासा मायक्रोसॉफ्टनेच केला. बाहेरच्या एका कंपनीच्या फायबर नेटवर्कमध्ये तात्पुरती अडचण आली होती, बहुतेकांची ती आता दूर झाली आहे, काहींना कदाचित कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागेल. (फिरून भोपळे चौकात ते असे.) आता समजा, नाशिकच्या एखाद्या सीएची ताळेबंदाची एक्सेल फाइल त्याच्याच टेबलावर, त्याच्याच डिस्कमध्ये, कोपरापासून वीतभर अंतरावर पडलेली आहे. ती सापडत नाही, का? तर दूर कुठेतरी एका केबलचं बिनसलं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे आपल्याकडेही चालतं, पण आपला गाव निदान तालुक्यातला असायचा.

घरातली वस्तू शोधायला बाहेर जायचं कारणच काय, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा पडला. उत्तर असं, की आपण जे टाइप करतो ते ही चौकट आपल्या डिस्कला विचारते आणि त्याच वेळी इंटरनेटवरच्या बिंगलाही विचारते. दुसरीकडून उत्तर येईना, म्हणून पहिल्याकडचंही दिसेना. औषध सापडलं ते लोकांनाच. रजिस्ट्री उघडायची, सर्चच्या खात्यात 'बिंगसर्चएनेबल्ड' आणि 'कॉर्टानाकन्सेंट' अशा दोन नोंदी शोधायच्या, नसल्या तर करायच्या, आणि दोन्हींपुढे शून्य टाकायचं. बाहेरची वाट बुजवली की सर्च ठणठणीत. यातली दुसरी नोंद संमतीची आहे. ती संमती आपण कधी दिली हे कोणालाच आठवत नाही. विंडोज टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करण्याच्या भरात दिली असावी.

2001 च्या विंडोज एक्सपीमध्ये शोधायच्या कामावर एक पिवळा कुत्रा होता, रोव्हर. 1995 मध्ये 'मायक्रोसॉफ्ट बॉब' नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि आपटलं, त्या पडक्या वाड्यातून इकडे बदली होऊन आलेला हा नोकर. आपण त्याला तेव्हा खूप हसलो. शेपूट हलवायचा, आणि फाइल यथावकाश आणायचा किंवा आणायचा नाही. पण इंटरनेटवर शोधायचं असेल तर त्याच्याकडे तो पर्याय वेगळा होता. फाइल मागितली म्हणून त्याने कधी बाजार दाखवला नाही. त्याच्या जागी आलेल्या हुशार मंडळींना हा संकोच नाही. वीजबिलाची पीडीएफ हवी म्हणून 'बिल' लिहावं, तर खाली वेबवरच्या सूचनांची रांग लागते, आणि त्यातल्या एखाद्यावर बोट पडलंच तर ती उघडते एजमध्ये, मग तुमचा आवडता ब्राउझर कोणताही असो. याला बिघडलेलं सर्च म्हणणं मला पटत नाही. त्याचं काम अगदी चोख चाललं आहे, फक्त ते आपलं काम नाही.

हे बंद करायचं राजमान्य बटण आहे का? आहे, युरोपात. तिथल्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमुळे मार्च 2024 पासून सर्चमधलं बिंग काढून टाकता येतं, एजसुद्धा. म्हणजे म्युनिकला स्थायिक झालेले चिरंजीव दोन क्लिकांत मोकळे, आणि कोथरूडला बाबा चष्मा कपाळावर चढवून रजिस्ट्रीत शून्य टाकतायत.

पण सगळी पापं साहेबाच्या नावावर टाकू नयेत. थोडी गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडेही जातात. 'काका, सी ला काही ठेवू नका, फॉरमॅट मारावा लागला तर सगळं जाईल. सगळं डी ला टाका.' हे वचन आपण वर्षानुवर्षं पाळलं. आता इंडेक्सिंगचा नेहमीचा प्रकार, ज्याला 'क्लासिक' म्हणतात, तो पाहतो फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप. डी ड्राइव्हकडे तो ढुंकूनही बघत नाही. म्हणजे आपण सगळं जिथे जपून ठेवलं, नेमकं तिथेच शोधायचं नाही असा दोघांचा आपसांत न बोलता करार झालेला. सेटिंग्जमध्ये 'एन्हान्स्ड' निवडलं, किंवा डी मधलं फोल्डर सूचीत घातलं, की हा करार मोडतो. त्याचाही कंटाळा असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचं एक इवलंसं, फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कची स्वतःची नोंदवही वाचतं आणि टाइप करता करता नावं समोर टाकतं. एवढ्या मोठ्या कंपनीला हे का जमू नये, असं विचारणारे भाबडे लोक अजून आहेत.

मराठी कारभाराला मात्र याने फार फरक पडत नाही. सोसायटीचा 2009 चा पार्किंगचा ठराव घ्या. तो श्रीलिपीत टाइप केलेला. पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात असतात रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. मराठीचं सोंग फॉन्टने घेतलेलं. तिथे युनिकोडमध्ये 'पार्किंग' लिहून शोधणाऱ्याने कितीही रीबिल्ड केलं तरी त्या पोटात पार्किंग नाहीच. फाइलचं नाव 'न्यू 2 फायनल'. सह्या झालेली प्रत स्कॅन केलेली, म्हणजे नुसता फोटो, आणि तिचं नाव 'स्कॅन0007'.

यावर कार्यकारिणीने तोडगा काढला. प्रत्येक ठरावाची छापील प्रत काढून खऱ्याखुऱ्या, दोरीच्या फायलीत लावायची. तशी लावली. फाइल अध्यक्षांच्या कपाटात असते, किल्ली त्यांच्याकडेच, आणि अध्यक्ष सध्या मुलाकडे म्युनिकला गेलेत.