डावा खांदा आणि ३८ अंशांचं पाणी

जपानला निघताना मिरजेच्या काकांनी बॅगेत तीन वस्तू सगळ्यांत आधी ठेवल्या: मेतकुटाची पिशवी, टेस्टर आणि प्लास्टिकचा मग. मेतकूट लेकीसाठी होतं. टेस्टर सवयीचा, तेहेतीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस टेस्टरशिवाय उंबरठा ओलांडत नाही. मग मात्र अनुभवातून आला होता. मागे युरोपच्या टूरमध्ये काकांना दहा दिवस कागदाच्या गुंडाळीवर काढावे लागले होते. परतल्यावर आयफेल टॉवरबद्दल ते चार वाक्यं बोलले आणि गुंडाळीबद्दल चाळीस.

या खेपेला मगाने भागणार नव्हतं. चार महिन्यांपूर्वी काकांचा डावा खांदा आखडला होता. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, आणि त्यात हात पाठीमागे नेण्याची हालचाल फारच अवघड होऊन बसते. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा, वर्ष-दीड वर्षात सुटेल." पण काम रोजचं! उजव्या हाताने जेवायचं, डाव्याने धुवायचं, हे खातेवाटप पासष्ट वर्षं बिनतक्रार चाललं होतं. आता डाव्याच्या खात्याचा अतिरिक्त कार्यभार उजव्याकडे द्यायचा, तर काकांना पुढचा घास जाईना.

काकूंनी लेकीला फोनवर सूचक शब्दांत सांगितलं. लेक म्हणाली, "बाबांना इकडे घेऊन ये. इथे हात लागतच नाही." गल्लीत मात्र काकूंनी साकुराची फुलं पाहायला चाललोय असंच जाहीर केलं.

लेक-जावई राहतात ते निशिकसाई टोकियोच्या एदोगावा भागात येतं. संगणकवाल्या भारतीयांची इथे मोठी वस्ती आहे. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावाच्या सभागृहात निवडूनही गेले. तूरडाळ कोपऱ्यावर मिळते. काकांना घरच्यासारखं वाटायला वेळ लागला नाही, फक्त एका खोलीचा अपवाद सोडून.

तिथे काका दार लावून बसले आणि ताडकन उठले. बैठक गरम होती. आत्ताच कोणी उठून गेलं म्हणावं, तर घरातली सगळी माणसं बाहेर चहा पीत होती. त्यांनी वाकून पाहिलं, तर मागून वायर गेलेली. काकांना घाम फुटला. पाणी, माणूस आणि वीज या तिघांना एका जागी येऊ द्यायचं नाही, यातच त्यांची उभी नोकरी गेली होती. मग प्लगशेजारी स्क्रूने आवळलेली अर्थिंगची हिरवी वायर दिसली आणि ते पुन्हा बसले.

भिंतीवरच्या पट्टीवर चित्रं होती. एकात दोन अर्धगोल आणि खालून कारंजं, एकात बसलेली बाई आणि कारंजं, एकात नुसता चौकोन. ही चित्रं २०१७ च्या जानेवारीत जपानमधल्या नऊ कंपन्यांनी एकत्र बसून ठरवली आहेत. त्याआधी प्रत्येक कंपनीची चित्रं वेगळी असत आणि परदेशी पाहुणा थांबायचं बटण शोधत भिजत राही. काकांनी अर्धगोल दाबले. खाली घर्रर्र झालं, क्षणभर काहीच घडलं नाही, आणि मग कोमट पाण्याची बारीक धार नेमकी जिथे हवी तिथे आली. डावा खांदा जागचा हलला नव्हता.

इथे दुसरा कोणी असता तर समाधानाने बाहेर आला असता. काकांमधला इंजिनीयर मात्र जागा झाला. धार येते कुठून हे पाहायला ते उठले, तर धार बंद. त्यांच्या लक्षात आलं की बैठकीला सेन्सर आहे. मग त्यांनी उजव्या तळव्याने बैठक झाकली, कोपराने बटण दाबलं आणि मान आत घातली. आतून एक पांढरी नळी पुढे सरकली, थांबली आणि काकांच्या चष्म्यावर सुटली.

"बाबा, चौकोन दाबा, चौकोन!" बाहेरून जावयाचा आवाज आला. काकांना चष्म्यातून सगळेच चौकोन दिसत होते.

सासऱ्याने जावयाशी बोलायचे विषय ठरलेले असतात: पाऊसपाणी, गाडीचं मायलेज आणि 'ऑफिसात बरं चाललंय ना?'. त्या दिवशी टॉवेलने डोकं पुसत बाहेर आलेल्या काकांनी ही सीमा ओलांडली. "जावईबापू," ते म्हणाले, "त्या नळीचा अँगल किती?"

"त्रेचाळीस अंश," जावई म्हणाला, आणि त्या वाक्यावर पुढचे पंधरा दिवस उभे राहिले.

फुलं बघायला आलेल्या काकूंना मग शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये पाच तास बसवून दक्षिणेकडे कोकुराला नेण्यात आलं. तिथे किल्ला आहे, असं त्यांना सांगितलं होतं. किल्ला आहेच, पण असल्या बैठका बनवणाऱ्या तोतो कंपनीचं संग्रहालयही आहे. १९१७ साली याच गावात ही कंपनी निघाली आणि २०१५ साली तिने आपल्या भांड्यांचं हे संग्रहालय उघडलं. "चार हजार मैलांवर येऊन संडास बघायचे?" असं काकू म्हणाल्या. आत गेल्यावर मात्र पहिला वॉशलेट, म्हणजे कंपनीची ती धुणारी बैठक, त्यांनीच आधी शोधला. १९८० सालचा.

जावई सांगत होता आणि काका वहीत टिपत होते. धुणारी बैठक ही काही जपानची मूळ कल्पना नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये हान्स माउरर यांनी १९५७ साली असं यंत्र केलं होतं. अमेरिकेतही एक बैठक निघाली, मुख्यतः दुखणाइतांसाठी, आणि १९६४ पासून ती जपानच्या इस्पितळांसाठी आयात होऊ लागली. पण तिची धार कुठेही जाई आणि पाणी कधी गार, कधी चटका देणारं येई. दुखणाइताला एक दुखणं घेऊन आत जायचं आणि दोन घेऊन बाहेर यायचं, असा प्रकार. कंपनीने मग ते यंत्र नव्याने घडवायचं ठरवलं आणि पहिल्याच पायरीवर अडली. माणसाची ती जागा बैठकीवर नेमकी कुठे येते, हे जगात कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा कंपनीने आपल्याच माणसांना साकडं घातलं. बैठकीवर तार ताणली. बसायचं आणि आपली जागा जिथे येईल तिथे तारेवर खूण करायची. आधी सगळे लाजले, बायका तर साफ नाही म्हणाल्या. पण शेवटी तीनशेवर लोकांच्या खुणा जमल्या आणि त्यांच्या सरासरीतून नळीची जागा ठरली. कोन त्रेचाळीस अंशांचा, म्हणजे धार नेमकी लागते आणि वापरलेलं पाणी परत नळीवर पडत नाही.

"सर्व्हे," काका भारावून म्हणाले. "आम्हीही लाइन टाकायच्या आधी असाच करायचो. खांब कुठे रोवायचा ते आधी ठरवायचं."

"अहो, हळू बोला," काकू म्हणाल्या, जणू कोकुरात सगळ्यांना मराठी कळत होतं.

तापमानाचंही तसंच. इंजिनीयरांनी स्वतः बसून पाणी थोडं थोडं तापवत नेलं आणि ३८ अंशांवर एकमत झालं. बैठक ३६ अंश, सुकवायची हवा ५० अंश. हे आकडे सांभाळायला इलेक्ट्रॉनिक सर्किट हवं, आणि तेही पाण्याच्या शेजारी. सगळे म्हणाले, जमणार नाही. मग एका इंजिनीयरचं लक्ष पावसात उभ्या असलेल्या रस्त्यावरच्या सिग्नलकडे गेलं. तो भिजत होता, तरी लाल-हिरवा होत होता. सिग्नलसाठी असं सर्किट बनवणाऱ्यांकडे कंपनी गेली आणि वॉशलेट जन्माला आला. ही गोष्ट ऐकताना काकांनी टोपी काढली. वीज मंडळाच्या माणसाला पावसातल्या सर्किटची किंमत कळते.

१९८२ साली त्याची जाहिरात टीव्हीवर आली. बुडालाही धुवून हवं असतं, असा तिचा आशय होता, आणि ती दाखवली ऐन संध्याकाळच्या वेळी. आम्ही जेवत असताना हे काय, म्हणून लोकांनी कंपनीला फोन केले. "बरोबरच आहे त्यांचं," काकू म्हणाल्या. एरवी त्यांना एकही जपानी माणूस इतका पटला नव्हता. पण लोकांनी फोन केले आणि यंत्रही घेतलं. आज तिथल्या दहापैकी आठ घरांत असली बैठक आहे.

बायकांच्या अडचणीचीही तिथे दखल घेतलेली होती. आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जपानी बायका पुन्हा पुन्हा फ्लश करत आणि पाणी वाया जाई. १९८८ साली 'ओतोहिमे' नावाचं यंत्र आलं, जे पाणी न सोडता नुसता पाण्याचा आवाज काढतं. टोकियोच्या एका दुकानात काकू आत गेल्या आणि बराच वेळ पाण्याचा खळखळाट येत राहिला. काका बाहेरून दार वाजवून म्हणाले, "अगं, नळ बंद कर!"

आता प्रश्न खरेदीचा होता.

अकिहाबारा म्हणजे टोकियोचं विजेच्या वस्तूंचं माहेरघर. तिथे एका मजल्यावर बैठका ओळीने मांडल्या होत्या. २०१५ च्या सुमारास चिनी प्रवासी इथून दोन-दोन, तीन-तीन बैठका उचलून नेत. त्यांतल्या काहींनी घरी जाऊन उलटी करून पाहिली, तर खाली 'मेड इन चायना' लिहिलेलं निघालं. काकांनी म्हणून प्रत्येक बैठक उलटी करायला सुरुवात केली. विक्रेता दर वेळी वाकून नमस्कार करी आणि ती पुन्हा सुलटी ठेवी.

यंत्रं दोन जातींची. एकीत छोटी टाकी असते आणि पाणी सतत कोमट ठेवलेलं असतं. वीज दिवसभर थोडी थोडी जाते, आणि फार वेळ धुतलं की गार पाणी येतं. दुसरी पाणी जाता जाता तापवते. पाणी संपत नाही, पण त्या वेळी हजार वॉटच्या वर लोड घेते. बटणं कुठे, हाही प्रश्न होता. बैठकीला चिकटलेली पट्टी उजव्या बाजूला असते, म्हणजे काकांचा डावा खांदा सुटीवर राहू शकतो. वाळवणारी हवा असते, पण ती इतकी सावकाश की तेवढ्यात पेपर वाचून होतो. शहाणे लोक कागदाने टिपून मोकळे होतात. लेकीने बजावलं, "आणि बाबा, दहा-वीस सेकंदच. धार हळू ठेवायची. इथले डॉक्टर सांगतात, जास्त धुतलं की उलट कातडी कोरडी पडून खाज सुटते." काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका पहाटेपासून तीन वेळा जाऊन आले होते.

यंत्र पसंत पडलं. काकांनी प्लेटवरचा आकडा वाचला आणि चेहरा पडला. शंभर व्होल्ट.

"आपल्याकडे दोनशे तीस," ते म्हणाले. "लावलं तर धूर." ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण हजार वॉट पेलणारा ट्रान्सफॉर्मर उचलायला दुसरा खांदाही आखडून घ्यावा लागला असता. मग काकांनी विक्रेत्याला हातवारे करून जपानची गंमत समजावली: टोकियोकडे पन्नास हर्ट्झ, ओसाकाकडे साठ, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकीकडे जर्मन जनित्रं आली आणि दुसरीकडे अमेरिकन, ती दुफळी आजतागायत मिटलेली नाही. विक्रेता पुन्हा वाकला. त्याच्या देशात राहून त्याला हे कोणी इतक्या आपुलकीने सांगितलं नसावं.

जावयाने मोबाइलवर पाहून सांगितलं की दोनशे तीस व्होल्टची यंत्रं भारतातही मिळतात. याच कंपनीचा गुजरातेत हालोलला २०१४ पासून भांड्यांचा कारखाना आहे. काकूंनी एकदा हवेत पाहिलं. हालोलला रेल्वेने जाऊन आलं असतं तर किती पैसे वाचले असते, याचा तो हिशेब होता.

पण काकांचं गणित वेगळ्याच जागी अडलं होतं. माहितीपत्रकात लिहिलं होतं: पाण्याचा दाब कमीत कमी ०.०५ मेगापास्कल. म्हणजे टाकी यंत्रापेक्षा पाच मीटर उंच हवी. मिरजेच्या घरात वरच्या मजल्यावरच्या संडासापासून गच्चीतली टाकी जेमतेम तीन मीटर. त्यात बोअरचं जड पाणी, म्हणजे वर्षभरात त्या नाजूक नळीवर खार चढणार. आणि वीज? मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाने स्वतःच्या घरी वीज जाणारच नाही असं गृहीत धरणं शोभलं नसतं.

जपानहून परत येताना बॅगेत मग तसाच होता आणि वॉशलेट नव्हता. मिरजेत आल्यावर काकांनी काही हजारांत मिळणारी बिनविजेची बैठक मागवली. अँगल कॉकला टी जोडायचा, पाइप लावायचा, उजव्या हाताशी एक खटका. फिरवला की नळी पुढे येते आणि टाकीतलंच पाणी सोडते. ना बैठक गरम, ना आवाज, ना हवा. प्लंबर म्हणाला, "साहेब, जेट स्प्रे चांगला चालला होता की." काकांनी खटका फिरवून दाखवला. नळी काय करते ते नीट दिसावं म्हणून प्लंबर पुढे वाकला होता. काकांनी त्याला टॉवेल दिला आणि जपानमध्ये आपलंही असंच झालं, हे सांगून टाकलं.

पाणी ३८ अंशांचं नव्हतं. जानेवारीत पहाटे तर ते किती अंशांचं असतं, हे काकूंना वरच्या मजल्यावरून येणाऱ्या उद्गारांवरून कळू लागलं. मग जिना चढून गरम पाण्याची बादली वर जाऊ लागली, आणि तिच्यासोबत जपान पाहून आलेला मग. उजवा हात आता निदान ओतायचं काम करी आणि धुवायचं काम खटका.

रविवारी जावयाचा व्हिडिओ कॉल आला. पाऊसपाणी झालं, ऑफिस झालं. मग त्याने जरा घसा खाकरून विचारलं, "आणि बाबा, अँगल किती आला?"

"तार ताणून मोजला," काका म्हणाले. "चाळीस भरतो. मी दोन इंच पुढे सरकून बसतो."