जिंजीचा वारसदार

महाप्याच्या एमआयडीसीत, खिडकी नावाची वस्तू नसलेल्या एका इमारतीत, मी एका बँकेचा डेटाबेस सांभाळतो. आणि चेन्नईस अहोरात्र जागी असलेली त्याची स्टँडबाय प्रत उभारण्याचे श्रेय सर्वस्वी माझेच, हे माझे नम्र मत सोसायटीच्या सत्यनारायणास आलेल्या प्रत्येक गृहस्थास मी त्याच्या हातचा प्रसाद संपण्यापूर्वी ऐकवले आहे. वस्तुतः काम इतकेच, की इकडची प्रत्येक नोंद आधी रिडो लॉगमध्ये चढते, तो लॉग तिकडे रवाना होतो, आणि स्टँडबाय तो काही सेकंदांच्या लॅगने निमूटपणे गिरवते. इकडे कोणी चुकून एखादे खाते पुसलेच, तर तिकडेही ते तितक्याच इमानाने पुसले जाते. पण एवढा तपशील प्रसादाबरोबर देऊ नये.

राखीव ठाणे आधीच सज्ज ठेवण्याच्या या विद्येचे आद्यपीठ मी जिंजीस मानतो. १६७७ साली शिवाजी महाराजांनी तो किल्ला घेऊन त्याची तटबंदी बळकट केली, तेव्हा रायगडास कसलाही धोका दिसत नव्हता. पुढे १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगडास मोगलांचा वेढा पडला, तेव्हा राजाराम महाराजांनी वेषांतर करून मजल दरमजल जिंजी गाठली आणि गादी तेथे मांडली. इकडे रामचंद्रपंत अमात्य हुकुमतपनाह म्हणून कारभार रेटीत होते, तिकडे मोगल सरदार झुल्फिकारखान वेढा घालून बसला होता, तरी किल्ला १६९८ पर्यंत पडला नाही. मला यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की जिंजीहून नुसत्या नकला निघत नव्हत्या. सनदा निघत होत्या, आणि सह्याद्रीत लोक त्या मानीत होते. (चेन्नईहून जिंजी फार दूर नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो, आता मी तोंड उघडताच मंडळी चहा मागवतात.)

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, तेव्हा माझ्या मनात पहिली भावना उमटली ती, लिहिताना संकोच वाटतो, आनंदाची. आता माझ्या स्टँडबायचा राज्याभिषेक! परंतु जनरेटरांनी डिझेलवर सारा भार निमूट उचलला, आणि मी खराखुरा खट्टू झालो.

त्या क्षणी मनात आले नाही ते नंतर आले. मी सांभाळतो त्या डेटाबेसच्या तक्त्यांत वाशीच्या एपीएमसीतल्या माथाड्यांची मजुरी आहे. पाठीवर पोती वाहून मिळवलेली. त्यांना ना चेन्नई ठाऊक, ना मी. उद्या २००५ च्या २६ जुलैसारखा, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळलेला पाऊस पुन्हा आला, तर त्या मजुरीचा हिशेब जेथून चालायचा, तेथून आम्ही एक दिवसही कारभार केलेला नाही. आमची डीआर ड्रिल, अर्थात आपत्तीची रंगीत तालीम, म्हणजे स्टँडबाय केवळ वाचण्यापुरती उघडणे, दोन रिपोर्ट काढणे, एक सामूहिक छायाचित्र आणि ‘यशस्वी’ असा शेरा.

शेअर बाजारांनी २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही बाजार उघडून, राखीव यंत्रणेवरून प्रत्यक्ष सौदे केले. तो दाखला जोडून मी वरिष्ठांकडे अर्ज केला, की आपणही आठवडाभर चेन्नईहूनच कारभार चालवावा.

“अहो, चाललंय ना नीट? मग कशाला हात लावता?” साहेब म्हणाले. अर्ज मात्र त्यांनी फेटाळला नाही. रीतसर शेरा मारून परत पाठवला : ‘तत्त्वतः मान्य. योग्य ती आपत्ती आल्यास फेरसादर करावा.’